अनुमोदकाचा हात

माझ्या मामांच्या उजव्या हातानं दोन वर्षं गावच्या उपसा सिंचन सोसायटीचे सगळे ठराव मंजूर केले. मामांचा स्वतःचा त्यातल्या बऱ्याच ठरावांना विरोध होता. पण सोसायटीच्या नियमाप्रमाणे मत हात वर करून द्यायचं असे, आणि हात मामांच्या ताब्यात नव्हता.

गाव मुरुम नावाच्या बाजारगावाच्या बाजूचं. वडील शिक्षक, त्यांच्या सारख्या बदल्या होत, म्हणून शाळेसाठी मला आजोळी ठेवलं होतं. मी मामा म्हणायचो म्हणून वस्तीतली पोरं मामा म्हणू लागली, मग गाव म्हणू लागलं, आणि शेवटी सोसायटीचे चेअरमनही म्हणू लागले, जे वयानं मामांपेक्षा मोठे होते. मामांचं रान वस्तीच्या वरच्या अंगाला, माळावर. सगळा मुरूम. बहात्तरच्या दुष्काळात गावाखालच्या ओढ्यावर तलावाचं काम निघालं तेव्हा मामा आणि मामी दोघंही त्या बांधावर होते. मामा दगड फोडत, मामी पाटीनं माती वाहत. पुढं तलावात पाणी साठलं आणि ते उपसून पाइपानं रानात न्यायचं म्हणून सोसायटी निघाली. पाइपलाइनीवर ठिकठिकाणी सिमेंटच्या कुंड्या बांधायच्या, कुंडीत पाणी पडलं की तिथून पाटानं शेतात, अशी योजना होती. शेवटची कुंडी माळावर व्हायची होती. ती झाली की मामांच्या, वस्तीतल्या आणखी काही घरांच्या आणि माळाला लागून असलेल्या दहा-बारा शेतकऱ्यांच्या रानाला पाणी लागणार होतं. आपण फोडलेल्या दगडामागं साठलेलं पाणी आपल्या रानात यावं, एवढीच मामांची सहकाराकडून अपेक्षा होती. आमच्या वस्तीतून सोसायटीचे सभासद झालेले ते पहिलेच. सभेला धुतलेला सदरा घालून वेळेआधी जाऊन बसणारेही तेच पहिले.

एका सकाळी ते भाकरी खायला बसले आणि हातातला तुकडा समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. मामींना वाटलं, कालवणात मीठ जास्त झालं. दुसरा तुकडा चुलीत गेला तेव्हा मामा म्हणाले, "म्या टाकला न्हाय. ह्यो आपला आपणच गेला." तेव्हापासून उजवा हात खांद्यापासून उसळायचा, डोक्याच्या वर जायचा, पडायचा, पुन्हा उसळायचा. झोपेत शांत. जागेपणी, मन शांत असलं तर थोडा कमी. राग आला, हसू आलं, चार माणसं बघायला लागली की जोरात.

मेंदूच्या अगदी आत वाटाण्याएवढा एक भाग असतो. हाताला ‘थांब’ म्हणण्याचं काम त्याच्याकडं. मामांच्या वाढलेल्या रक्तदाबानं तिथली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली आणि थांब म्हणणारं कुणी उरलं नाही. बहुतेकांना हे काही आठवड्यांत आपोआप बरं होतं. मामांना झालं नाही.

मी डॉक्टर झालो होतो, म्हणून हे मला माहीत होतं. गावाला दुसरं माहीत होतं. शेजारच्या म्हातारीनं निदान केलं, "येडाईचं वारं हाय. येरमाळ्याला जाऊन या."

मामा म्हणाले, "आज्जे, आमी छप्पन साली सगळे देव परत केले. हे आलंच असंल तर पत्ता चुकून आलंय. तुमच्याकडं धाडून देऊ का?"

"माझ्याकडं नको. मला गुडघं हायत."

फाट्यावर मामा नुसते लिंबाखाली उभे राहिले तरी एसटी थांबायची. कंडक्टर दार उघडून वाट बघायचा.

"चढायचं का न्हाय?"

"मला कुठंच जायचं न्हाय, बाबा. सावलीला उभाय."

"मग हात कशाला दाखविता?"

"म्या न्हाय दाखविला. त्यानं दाखविला."

मुरुमच्या आडतीत लिलाव चालू असताना त्यांना लांब, चहाच्या टपरीवर बसवून ठेवत. एकदा तुरीचा एक अख्खा ढीग त्यांच्या नावानं सुटला होता. हे सगळं मामा रंगवून सांगायचे आणि लोकांच्या आधी हसायचे. जेवणाचं मात्र सांगत नसत. डाव्या हातानं खायला गेलं तर उजवा येऊन ताट उलथायचा, म्हणून मामींना भरवावं लागे. दार लोटून भरवत. मामी म्हणत, "लग्नात सगळी घास घ्या, घास घ्या म्हणत हुती तवा लाजत हुता. आता बसा घेत." मामा घास तोंडात असल्यामुळं उत्तर देऊ शकत नसत.

मी त्या वेळी मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेत होतो. सुट्टीत गावी आलो तेव्हा सोसायटीची वार्षिक सभा होती. मामा म्हणाले, चल. शाळेच्या वर्गात सतरंज्या, पुढं टेबल, टेबलावर हारांचा ढीग. त्या वर्षी तलाव पुन्हा तळाला गेला होता आणि सभेची सुरुवात पाण्याच्या नियोजनाबद्दल चेअरमनांच्या अभिनंदनानं झाली.

चेअरमन वाईट माणूस नव्हते. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिली जीप त्यांची यायची. त्यांना फक्त कमानी आवडत. सोसायटीच्या ऑफिसला दार होतं, कुंपण नव्हतं आणि ऑफिसकडं जाणारा रस्ताही धड नव्हता. पण शेजारच्या गावच्या सोसायटीला कमान होती, तेव्हा आपल्यालाही हवी. सिमेंट त्या काळी परमिटावर मिळे, आणि मिळणाऱ्या सिमेंटात एक तर माळावरची कुंडी झाली असती, नाही तर कमान.

"माळावरची कुंडी तूर्त तहकूब ठेवून, येणाऱ्या सिमेंटातून कमान उभारण्यास तत्त्वतः मंजुरी," चेअरमनांनी वाचलं. "अनुमोदन?"

मामांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, मानानं. ते आपल्या उजव्या हातावर बसले होते. ठराव ऐकून त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. हात मांडीखालून निघाला आणि थेट डोक्यावर गेला.

"अनुमोदन मामांचं. टाळ्या."

मामा उभे राहिले. "चेअरमनसाहेब, माझा विरोध हाय." हे बोलताना हात दोनदा वर गेला.

"मामा, तोंड एक सांगतंय आणि हात एक सांगतोय. नियमात हात मोजायचं लिव्हलंय. तोंड मोजायचं कुठं लिव्हलंय?"

"मग विरोधात कोण हाय, तेबी इचारा."

"विरोधात कोण?" हात अर्थातच वर गेला. चेअरमन हळहळत म्हणाले, "हे आजारपण झालं, मामा. आजारपण मोजता येत न्हाय."

वर्ग हसला. मामाही हसले, आणि हसण्यानं हात आणखी उसळला. माळावरच्या बाकीच्यांनी खाली बघितलं. खुद्द माळावरच्या माणसानंच अनुमोदन दिल्यावर बोलायचं काय? मला तेव्हा कळलं की दोन वर्षं असंच चाललंय. चेअरमन वाचतात, मामांचा हात जातो आणि सभा चहाला उठते. कुणाला हात वर करायचे श्रमच पडत नाहीत.

घरी परतताना मामा वाटेत थांबले. मग म्हणाले, "तू डोक्याचाच डॉक्टर व्हायलास नव्हं?"

"व्हय."

"मग ह्याला बसव."

"मामा, पूर्ण बरा होईल असं सांगता येत नाही."

"पूर्ण कशाला पाहिजे? मला काय पतंग उडवायचाय? कुणी मंजूर का म्हणलं तर मला नुसतं बसून राहता आलं पाहिजे. एवढंच कर."

मी ज्या कामाकडं वळलो होतो त्याला फंक्शनल न्यूरोसर्जरी म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम तसं नाही. मेंदूतून काही काढायचं नसतं. सगळं जागेवर असतं, फक्त वागत नीट नसतं. कवटीला लहानसं छिद्र पाडून एक बारीक सळई ठरलेल्या जागी न्यायची, तिच्या टोकाला उष्णता द्यायची आणि बिघडलेल्या चेतामार्गातली एक जोडणी बंद करायची. रोगी जागा ठेवायचा, कारण हात थांबला की नाही हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

त्या काळात ही शाखा मरायला टेकली होती. कंपवातावर नवी गोळी आली होती आणि गोळीनं थांबणाऱ्या कंपासाठी डोक्याला भोक पाडून घ्यायला कुणी तयार नव्हतं. जिच्यातून सगळे उतरत होते त्या गाडीत मी चढत होतो. वरिष्ठांनी समजावलं. मेंदूतल्या गाठी काढ, नाव होईल. गाठी काढणाऱ्यांचा राउंड निघे तेव्हा मागं वीस माणसं असत. लग्नाच्या वरातीत आणि त्यात घोड्याचाच काय तो फरक. आमच्या सरांच्या राउंडला सर, मी आणि एक सिस्टर. तिलाही बऱ्याचदा दुसरीकडं बोलावणं यायचं. शस्त्रक्रियेला लागणारी धातूची चौकट जुन्या पडद्यांखाली कपाटात पडून असायची.

मी चढलो त्याला कारण एक चहावाला. त्याचे हात इतके थरथरत की अर्धा कप गिऱ्हाइकाच्या मांडीवर जायचा. सरांनी सळई जागेवर नेली आणि त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. पाणी हललं नाही. मी तोवर शस्त्रक्रियेनंतरची सुधारणा दिवसांत मोजलेली पाहिली होती; इथं माणूस टेबलावर पडल्या पडल्या बरा होत होता आणि ते स्वतः बघत होता. तो पेल्याकडं बघत म्हणाला, "पाण्याचं काय, साहेब, पाणी कुणीबी धरंल. च्या द्या, काठोकाठ." आम्ही मागवला. माझं त्या दिवशी ठरलं.

मामांवर आधी गोळ्यांचा प्रयोग केला. हात थांबला, पण मामाही थांबले. दिवसभर भिंतीला टेकून बसायचे, पापणीही सावकाश हलायची. मामी म्हणाल्या, "ह्याच्यापरीस नाचत हुतं तेच बरं." गोळ्या बंद केल्या आणि सरांना सगळी हकीकत सांगितली. सर म्हणाले, घेऊन ये.

चेअरमनांना कळल्यावर त्यांनी सोलापूर स्टेशनपर्यंत सोसायटीची जीप दिली आणि निरोपाचा छोटा समारंभ केला. मामांच्या गळ्यात हार घातला. "हात दुरुस्त करून या. संस्था तुमच्या पाठीशी हाय," असं ते म्हणत असताना हातानं हार काढून ड्रायव्हरच्या डोक्यावर टाकला. चेअरमन मनापासून बोलत होते. दुरुस्त झालेला हात काय करील याचा विचार त्यांनी केला नव्हता. मीही केला नव्हता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर मामांच्या खाटेशी बसले आणि धोके सांगितले. हात लुळा पडू शकतो. काहीच फरक न पडण्याचीही शक्यता आहे. क्वचित बोलणं जातं.

"बोलणं?" मामा म्हणाले. "हिच्याम्होरं सांगू नका. लगीच अंगठा देईल."

मामी पलीकडंच बसल्या होत्या. "देतेच. कुठं द्यायचा दाखवा."

सकाळी मामांच्या डोक्याचा चकोट केला, जागा बधिर करून चौकट कवटीला चार स्क्रूंनी पक्की बसवली. मामा म्हणाले, "बैलाच्या मानंवर जू असतंय. माणसाच्या डोक्यावर पहिल्यांदाच बघाय मिळालं, आन् तेबी माझंच." त्या काळी मेंदूच्या आतलं दाखवणारी यंत्रं आमच्याकडं नव्हती. मेंदूच्या पोकळीत हवा भरून एक्स-रे काढायचे आणि ओल्या फिल्मवर पट्टी-पेन्सिल धरून जागा ठरवायची. हवेनं डोकं भयंकर दुखतं. मामांनी डोळे मिटून घेतले. हात मात्र चादर उडवत राहिला. एका भाच्याला मामांचा हात धरून ठेवायचं काम दिलं होतं, आणि भाचा डॉक्टर असूनही त्याला तेवढंच जमत होतं.

सळई हळूहळू आत गेली. सर आकडे बोलत होते, मी ताडून बघत होतो. ठरलेल्या खोलीवर पोचली आणि माझ्या मुठीतला हात अचानक हलका झाला. मी मूठ उघडली. तो माझ्या तळव्यावर पडून राहिला. गोळ्यांशिवाय, जागेपणी, दोन वर्षांत पहिल्यांदाच.

सरांनी आधी सौम्य उष्णता दिली. ती तात्पुरती असते. काही बिघडलं तर थांबता येतं. सगळं ठीक असेल तरच पुढं वाढवायची. आता हाताची ताकद बघायची होती.

"मामा, हात वर करा," सर म्हणाले.

हात चादरीवर तसाच.

"उजवा हात. वर करा."

हात हलला नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं. मास्कवरचे त्यांचे डोळे मला आजही आठवतात. हात थांबला होता, की लुळा पडला होता? उष्णता त्यांनी लगेच बंद केली. दार लोटून घास भरवणाऱ्या मामींना आता आयुष्यभर भरवावं लागणार आणि ते मी केलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी खाली वाकलो. "मामा, ऐकू येतंय का?"

"येतंय की."

"मग हात वर करा."

"कशाला?"

"सर सांगतायत म्हणून."

"सर सांगत्यात ते ऐकलं म्या. कशापायी, ते इचारतोय. आत्ता कुठं खाली बसलाय."

"ताकद आहे का बघायचं आहे हो, मामा," सर म्हणाले.

मामांनी डोळे उघडले. चौकटीमुळं मान वळवता येत नव्हती, म्हणून छताकडं बघत ते म्हणाले, "आदी ठराव सांगा. मग बघतो."

सरांना सोसायटीची गोष्ट माहीत होती. शिवाय कॉलेजच्या समित्यांवर त्यांचंही निम्मं आयुष्य गेलं होतं. त्यांनी घसा साफ केला. "ठराव असा आहे, मामा, की आत्ता आपण जे तात्पुरतं केलंय ते कायम करावं. हात लुळा नसेल तरच करता येईल. म्हणून सभासदांनी आपलं मत हात वर करून सांगावं."

मामांनी विचार केला. खरोखरच केला, मी जवळून बघत होतो. मग उजवा हात कोपरातून उचलला, सरळ केला, हळूहळू डोक्याच्या उंचीपर्यंत नेला आणि तिथं धरला. कुठं धक्का नाही की झटका नाही.

"ह्याला माझं अनुमोदन हाय," ते म्हणाले. "खाली घेऊ?"

"घ्या."

हात खाली आला, चादरीवर टेकला आणि तिथंच राहिला. सिस्टरनं तोंड फिरवलं. मास्क असल्यामुळं ती हसत होती की काय ते समजलं नाही. सरांनी उष्णता पुन्हा सुरू केली, वाढवली आणि ठराव कायम केला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मामींनी सवयीनं घास पुढं केला. मामा म्हणाले, "ठेव. माझा हात आलाय."

"आला का?" मामी म्हणाल्या. "गावभर हिंडून झालं म्हणा की."

त्यांनी ताट मामांच्या मांडीवर ठेवलं. मामांनी भात कालवला आणि खाल्ला. वॉर्डाचं दार सताड उघडं होतं. मामींनी दोनदा वरण वाढलं, मागितलेलं नसताना.

ही बातमी माझ्याआधी जिल्ह्यात पोचली. तुळजापूर, कळंब, उमरगा, कुठून कुठून माणसं मुंबईला येऊन मेंदूच्या बाह्यरुग्ण विभागात ‘हात खाली बसवणारा डॉक्टर’ विचारू लागली. निम्म्यांना आमच्या शस्त्रक्रियेचा उपयोग नसे. एक जण बायकोला घेऊन आला होता. तिचा हात त्याच्यावर उठतो, तो बसवा म्हणाला. तिनं कारण सांगितलं आणि आम्ही तिचा हात तसाच ठेवला. पण उरलेल्या निम्म्यांत खरी माणसं होती. मान एकीकडं ओढली गेल्यामुळं बैलगाडी हाकताना रस्ता न दिसणारा गाडीवान. लिहायला बसलं की पंजा आवळून जाणारे एक तलाठी. चौकट वरचेवर बाहेर निघू लागली, इतकी की पडदे दुसऱ्या कपाटात हलवावे लागले. सरांनी एक दिवस कपाटाची किल्ली माझ्याकडं दिली. माझी बढती म्हणायची तर तीच. पुढची सारी वर्षं मी याच कामात काढली, आणि आज जाळण्याऐवजी बारीक तार ठेवून विजेनं हेच साधतात तेव्हा तरुण डॉक्टर मला, तुम्ही दूरदृष्टीनं ही शाखा निवडली, असं म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चेअरमनांचा निरोप आला. वार्षिक सभेत माझा सत्कार ठेवला होता. मला सत्कारांची हौस नाही, पण मामा म्हणाले, ये. सिमेंटचं परमिट आलं होतं.

तोच शाळेचा वर्ग, तेच टेबल. मला खुर्चीवर बसवलं, शाल घातली, नारळ दिला, फेटाही बांधला. तो डाव्या कानावर घसरत होता. चेअरमनांनी माझी ओळख सुप्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ म्हणून करून दिली. मी तेव्हा इतका सुप्रसिद्ध होतो की आमच्याच रुग्णालयाचा दरवान मला ओळखपत्र मागायचा. "मामांना मुंबईला धाडणारी ही जिल्ह्यातली पहिली सोसायटी हाय," चेअरमन म्हणाले, आणि ते खरंही होतं. टाळ्या झाल्या. मामांनी दोन्ही हातांनी वाजवल्या.

मग सेक्रेटरीनं कागद पुढं सरकवला.

"गेल्या साली तत्त्वतः मंजूर झाल्याप्रमाणं, आलेल्या सिमेंटातून कमान बांधण्याच्या कामास सुरुवात करणे. सूचक मी स्वतः. अनुमोदन?"

चेअरमनांनी वर न बघताच पुढच्या ठरावाला हात घातला होता. शांतता लांबली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मामा पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. उजवा हात गुडघ्यावर, पालथा.

"अनुमोदन?" चेअरमन पुन्हा म्हणाले.

सगळा वर्ग मामांच्या हाताकडं बघत होता. चेअरमनांच्या बाजूची माणसंही बघत होती. दोन वर्षं हे काम मामांच्या हाताकडं लावून दिल्यामुळं त्यांची स्वतः हात वर करायची सवयच मोडली होती. मागून कुणीतरी कुजबुजलं, "मामा, हात."

"हाय की," मामा म्हणाले. "जागेवर हाय."

चेअरमन माझ्याकडं वळले. काळजीनं आवाज उतरवून म्हणाले, "डॉक्टर, वर जात न्हाय का त्यांचा आता?"

"जातो," मी म्हणालो. "त्यांच्या मनात आलं की जातो."

वर्गात खसखस पिकली. चेअरमनांच्या मेहुण्याला आता भान आलं आणि त्यानं झटकन हात वर केला. त्याच्या पाठोपाठ आणखी काही आले. सेक्रेटरीनं मोजले. चेअरमनांना हायसं वाटलं असावं, कारण त्यांनी नेहमीच्या मोकळेपणानं विचारलं, "विरोधात कोण?"

मामांनी गुडघ्यावरचा हात उचलला. घाई केली नाही. कोपर सरळ केलं, हात डोक्याच्या वर नेला आणि तिथं ठेवला. माळावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तो बघितला, मग स्वतःचा वर केला. त्याच्या शेजाऱ्यानं केला. मग वस्तीतले दोघे-तिघे, जे यंदा नवीन सभासद झाले होते. भिंतीला टेकून बसलेले, कधी कशात न पडणारेही, बहुधा गंमत म्हणून, पण केलेच. सेक्रेटरी मोजू लागला आणि मध्येच थांबला, कारण न मोजताही दिसत होतं.

चेअरमन क्षणभर टेबलावरच्या हारांकडं बघत राहिले. पण ते मुरलेले माणूस होते. "सभेची भावना ध्यानात घेऊन," ते म्हणाले, "आलेल्या सिमेंटातून आधी माळावरची कुंडी. कमान पुढच्या परमिटाला. हे सर्वानुमते."

"सर्वानुमते," वर्ग म्हणाला, आणि मेहुण्यानं पुन्हा हात वर केला, या वेळी कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं.

लोक उठायला लागले. चहाची किटली आली. मामांचा हात अजून वरच होता. मी खुर्चीवरून निरखून बघत होतो. बोटांच्या टोकालाही थरथर नव्हती.

"मामा," चेअरमन म्हणाले, "झालं. मोजलं. घ्या खाली."

"घेतो की," मामा म्हणाले. "कुठं पळून चाललाय? जरा बघू द्या, किती येळ ऱ्हातोय ते."

दाराशी बायका बसल्या होत्या. मामी पदर सावरत उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघत बसा निवांत. घरी आल्यावर आडाचं पाणी शेंदायचंय, तवाबी असाच ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं."